तावडेचा परजीवी

१२ ऑगस्ट, शनिवार

मनूला मलेरिया. रिपोर्ट दुपारी आला. व्हायवॅक्स जातीचा म्हणे. सात वर्षांची पोर दोन गोधड्यांखाली कुडकुडत होती. तिची आई मीनाक्षी रडली. मी रडलो नाही. मी वर बघितलं.

वर म्हणजे गच्ची. गच्चीवर गणपत तावडेचा पाण्याचा ड्रम. तावडे म्हणजे चौथ्या मजल्यावरचा, रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून रिटायर, आणि मार्चपासून आमच्या चाळकमिटीचा सेक्रेटरी. मार्चपर्यंत सेक्रेटरी मी होतो. त्याने मला निवडणुकीत पाडलं. ते मी केव्हाच विसरलोय. पण माझ्या पोरीवर मच्छर सोडलेस, तावडे, आता सुट्टी नाही.

संकल्प: दिवाळीच्या आत तावडेचा राजीनामा.

१४ ऑगस्ट, सोमवार

दवाखान्यात डॉ. राधा कासार भेटल्या. संशोधक आहेत. मलेरिया झालेल्या मुलांच्या रक्ताचा थेंब कागदावर टिपून घेतात आणि आतल्या परजीवींचे जीन्स तपासतात. परजीवी म्हणजे मलेरियाचा जंतू. सगळे सारखे नसतात, म्हणाल्या. काही एकमेकांचे सख्खे, काही लांबचे, काहींचा संबंधच नाही.

म्हणजे जंतूला आडनाव असतं! मी लगेच विचारलं, मग कोणाच्या घरून आला तेही कळत असेल? त्या म्हणाल्या, हा आमच्या अभ्यासाचा उद्देश नाही.

उद्देश नाही, म्हणजे कळतं. ऑफिसात वीस वर्षं काढलीत, ही भाषा मला समजते. संमतीपत्रावर सही ठोकली. मनूने बोट पुढे केलं, डोळे मिटले. शूर आहे. माझ्यावर गेलीय.

१७ ऑगस्ट, गुरुवार

ताप उतरला. मनूने दोन पोळ्या खाल्ल्या आणि टीव्ही मागितला. आणखी एक गोळी आहे, ती रोज, दोन आठवडे. मीनाक्षी सकाळी फोर्टला ऑफिसला पळते, माझं वर्क फ्रॉम होम, तेव्हा गोळीचं खातं माझ्याकडे. मीनाक्षीने तीनदा बजावलं. अकरा वर्षं चाळ चालवलेल्या माणसाला एक गोळी जड आहे का!

२० ऑगस्ट, रविवार

गोळी कडू. मनू थुंकते. पोटात दुखतं म्हणते. ताप तर गेलाय. उगाच पोरीला कशाला छळायचं? बंद केली. मीनाक्षीला सांगितलं, चालू आहे. तिला टेन्शन नको. मनूलाही समजावलं, आपलं सिक्रेट.

शिवाय मला वेळ कुठाय? वॉर्ड ऑफिसला तक्रार टाइप करायचीय. चार पानं झाली. फोटो वेगळे.

२४ ऑगस्ट, गुरुवार

तावडेच्या नातवाला, अर्णवला मलेरिया. मनूच्याच वर्गातला. वाईट वाटलं. चहा होईपर्यंत वाटलं. मग लक्षात आलं, हा तर पुरावा! मनूचा जंतू आणि अर्णवचा जंतू एकच निघाला की ड्रम सिद्ध. स्वतःच्या नातवालाही सोडलं नाही या माणसाने.

अडचण एकच. अर्णवचं रक्त डॉ. राधांकडे जायला हवं, आणि त्यासाठी तावडेची मनधरणी करायला हवी. मी.

२६ ऑगस्ट, शनिवार

गेलो. चार मजले. सोबत मोसंबी नेली. शत्रूच्या घरी पायताण काढून बसलो, चहा प्यायलो, कमिटीच्या कामाचं कौतुकही केलं. तोंड अजून आंबट आहे.

तावडे अर्णवला गोळी देत होता. कसल्याशा वाटीतून. अर्णव हूं की चूं न करता गिळत होता. मी अभ्यासाचं सांगितलं. विज्ञान, समाजकार्य, चाळीतल्या सगळ्या मुलांचं भलं. तावडेने वाटी खाली ठेवली.

"एक थेंब ना? घेऊ देत," म्हणाला. "आणि माधवा, मनूक विचारलंय म्हणून सांग. बरी आसा ना ती?"

नाटकी माणूस.

२ सप्टेंबर, शनिवार

वॉर्ड ऑफिसचा माणूस आला. मी इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर हजर. तावडेच्या ड्रमला झाकण, झाकणावर फडकं, फडक्याला दोरी. अळी एकही नाही. नाइलाजाने साहेबांनी चाळीची मोठी टाकी उघडली. तिथे अळ्या, ढीगभर. झाकण मोडलेलं.

झाकण कधीपासून मोडलंय, साहेबांनी विचारलं. तावडे वाकून झाकणाचं माप घेऊ लागला. मी सांगितलं, तीन वर्षांपूर्वी, पण दुरुस्तीचा ठराव माझ्याच काळात मांडला गेला होता. पास व्हायचा होता.

संध्याकाळपर्यंत तावडेने नवीन झाकण बसवून घेतलं. पुरावा नष्ट करतोय.

१४ ऑक्टोबर, शनिवार

आज डॉ. राधांनी पालकांना बोलावलं होतं. अजून अभ्यास चालू आहे, पण ज्यांना ऐकायचंय त्यांना समजावते, म्हणाल्या. मी पहिल्या रांगेत. तावडे मागे, अर्णवला मांडीवर घेऊन.

अर्णवच्या रक्तात एका जातकुळीचा परजीवी. मनूच्या रक्तात तीन. आणि त्या तिघांतला एकही अर्णवच्या जंतूशी जुळत नाही.

मी उभा राहिलो. म्हटलं, पुन्हा तपासा. बाईंनी शांतपणे सांगितलं की लालबाग, चिंचपोकळी, कॉटन ग्रीन, इतकी माणसं ये-जा करतात, एकाच मुलात दोन-तीन प्रकार सापडतात. मच्छर कोणाला चावून आला हे यातून सांगता येत नाही. हे बघायचं ते जंतू किती तऱ्हांचे आहेत, कुठल्या औषधाला दाद देतील, यासाठी.

आईच्यान, नऊ आठवडे फुकट. पण नाही. तीन जंतू म्हणजे तीन गुन्हेगार. तावडे, आणि त्याच्या पॅनेलचे आणखी दोघे. हिशेब जुळतो.

मीनाक्षीला हे सांगितलं. ती भांडी घासत राहिली.

२८ ऑक्टोबर, शनिवार

मनूला पुन्हा ताप. पुन्हा गोधड्या. पुन्हा व्हायवॅक्स. या वेळी तिने बोट पुढे करताना डोळे मिटले नाहीत, माझ्याकडे बघत राहिली.

दुसरा हल्ला. नवीन कुंड्या! तावडेने दसऱ्याला गच्चीवर झेंडूच्या कुंड्या मांडल्यात. डॉ. राधांना विनंती केली, हा थेंब आधी तपासा. पुराव्यासाठी, हे बोललो नाही. गोळ्या पुन्हा सुरू. तशाच कडू. पाण्यातून देतोय, अर्धी बाहेर येते.

राजीनाम्याचं पत्र मी तावडेच्या वतीने लिहून ठेवलंय. फक्त सही बाकी.

४ नोव्हेंबर, शनिवार

डॉ. राधांनी मला आणि मीनाक्षीला, दोघांनाही बोलावलं होतं. मीनाक्षी हाफ डे टाकून आली, मनूला घेऊन. मी पत्र खिशात घातलं होतं.

डॉ. राधा म्हणाल्या, आताचा परजीवी ऑगस्टमधल्या तिघांपैकी एकाशी तंतोतंत जुळतोय. मला वाटलं जिंकलो. मी खिशाकडे हात नेला.

त्या पुढे म्हणाल्या, म्हणजे बहुतेक नवीन मच्छर चावलेला नाही. जुनाच जंतू लिव्हरमध्ये झोपून होता, तो उठला. दोन आठवड्यांची गोळी त्याच्यासाठीच असते. कोर्स पूर्ण झाला होता ना?

मी म्हटलं, म्हणजे, तसा झालाच.

मनू म्हणाली, "बाबाने बंद केली होती. आईला सांगू नको म्हणाला."

मीनाक्षीने मनूचा हात धरला आणि बाहेर पडली. घरी आल्यावर मनूचं अंथरूण नीट करता करता म्हणाली, "मला वाटलं होतं तू तिच्यासाठी भांडतोयस." बस, एवढंच. मी लिहायला बसलो की कोणाची चूक. लिव्हरची, असं लिहिलं. खोडलं.

औषधाचं पाकीट आता तिच्या पर्समध्ये आहे.

५ नोव्हेंबर, रविवार

सकाळी मीनाक्षीने एक गोळी माझ्यासमोर ठेवली आणि खुर्ची ओढून समोर बसली. म्हणाली, दे, मी बघतेय.

चमच्यात कुस्करली, पाणी घातलं. मनूने तोंड घट्ट मिटलं. साखर घातली. नाही. मी सांगितलं की शूर मुली घेतात. तिने उशीत तोंड खुपसलं. मग उशीतूनच बोलली, "वरच्या तावडे आजोबांना विचारून ये. अर्णवला कडू लागत नाही."

मी मीनाक्षीकडे बघितलं. तिने दाराकडे बघितलं.

जिना चढताना दोन-तीन वाक्यं तयार केली. सेक्रेटरीला शोभेल अशी. बेल वाजवली. दार तावडेनेच उघडलं, बनियनवर, हातात मोड आलेल्या मटकीची चाळण. काय झालं म्हणाला. मनू बरी आहे ना म्हणाला.

मी पायताण दाराबाहेर काढलं.

"काका," मी म्हटलं, "ती गोळी तुम्ही कशात घालून द्यायचात?"