दिराच्या कबरीवरची झावळी

झावळ्यांचा रविवार, संध्याकाळ. अकोला.

आज जेवण गेलं नाही. सकाळी चर्चमधी झावळ्या हलवून येशूच्या स्वागताची उपासना झाल्यावर धाकटी जाऊ रूथ हातातली शिंदीची झावळी घेऊन कब्रस्तानात गेली. मी बी मागं गेली. तिनं ती नवऱ्याच्या कबरीवर ठेवली. माझा दीर तो, दारूनं मेला. मले राहवलं नाही. म्हटलं, "ही जिंकणाराची निशाणी आहे. यानं काय जिंकलं, बाटली?" अन् झावळी उचलून फेकली. लोक पाहून राहिले होते. काहून बोलली मी असं?

रूथ रडली नाही. तिनं झावळी उचलली, पदरानं माती पुसली, परत ठेवली. म्हणे, "जाऊबाई, हे हारलेच होते. मरणाले येशूनं हरवलं. त्याची जीत यांच्या कामी यावी म्हणून ठेवली."

लहानपणापासून मी होसान्ना, म्हंजे 'वाचव', म्हणत झावळी हलवून राहिली. कोणासाठी, ते कधी मनात आलं नाही.

मंग तीच म्हणे, "चला, ऊन लागन तुमाले," अन् तिनं छत्री माझ्या डोक्यावर धरली. घर येईस्तोवर मी तिच्या छत्रीखाली चालली.