एलियाहू हनबीचा रथ आणि डोंगरातली छोटी रेल्वे

डिमोना, फेब्रुवारी १९७७

तीर्थरूप बेझालेलदादांस,

धाकटा चुलतभाऊ नेहेमिया याचा शालोम, आणि वहिनींना नमस्कार. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे माझे पित्त आणि शोशानाचा दमा सोडल्यास. तुमचा गुडघा कसा आहे? रेवदंड्याहून सायकल मारत अलिबागच्या पुढे जाता येते का, ते जरूर कळवावे. (सहज विचारले नाही. कारण पुढे येईल, मी विसरलो नाही तर.)

तर दादा, मला इथल्या इरियाने, म्हणजे म्युनिसिपालटीने, इतिहासकार केले आहे. तिथे दोव नावाचा संस्कृती खात्याचा एक तरुण साहेब आहे. मी मुंबईला रेल्वेत होतो असे त्याच्या कानावर गेले. परळच्या वर्कशॉपात मी डब्यांवर ‘थुंकू नये’ एवढेच रंगवत असे, हे मी त्याला सांगून पाहिले, पण तो मला नम्र माणूस समजला. इथून दक्षिणेला डोंगरात एका खाणीची छोटी रेल्वे होती. रुळांमधले अंतर बाळाच्या पाळण्याएवढे. खाण केव्हाच बंद पडली, रूळ कोणी उचलून नेले आणि सगळे विसरले. आता स्वातंत्र्यदिनी मी मेयरसाहेबांसमोर तिचा इतिहास सांगायचा आणि मग त्या जागी पाटी लावायची, असे ठरले आहे. तेही मला न विचारता.

इतिहास लिहिणे सोपे असेल असे मला वाटले होते, कारण ज्यांनी पाहिले त्यांना विचारायचे, एवढेच तर काम. पण वाळवंटातला एक म्हातारा बदावी अरब म्हणाला, ती तुर्कांनी लढाईसाठी बांधली. बेर्शेबाला एक पेन्शनीतले मुकादम राहतात, ते म्हणाले की इंग्रजांनी काचेच्या वाळूसाठी बांधली. अरादच्या एका गृहस्थांनी दोघांनाही खोटे ठरवले. ती इस्रायलचे राज्य झाल्यावर आपल्याच लोकांनी पांढऱ्या मातीसाठी घातली आणि लॉरी स्वस्त पडू लागली तेव्हा मोडली, असे त्यांचे म्हणणे. गाडी ओढत कोण होते यावरही एकमत नाही. एक म्हणतो डिझेलचे इंजिन, दुसरा म्हणतो खेचरे, तिसरा म्हणतो उतारावर ती आपोआप जाई आणि चढावर मजूर ढकलत. मी ज्याच्यासमोर बसतो त्याचे मला पटते, आणि बसमध्ये बसलो की कोणाचेच पटत नाही. शेवटी मी मुलाला, एरनला विचारले, तर तो हिब्रूतच ‘अब्बा, अझोव’ म्हणाला (म्हणजे बाबा, सोडा). आपण मराठीत विचारायचे आणि त्याने हिब्रूत उत्तर द्यायचे, हे आता अंगवळणी पडले आहे.

पण खरी पंचाईत याहून वेगळी आहे. ती घरातली आहे, आणि तिचे नाव शोशाना.

त्र्याहत्तरच्या लढाईत एरन सिनाईत होता आणि बरेच दिवस त्याची काही खबर नव्हती, हे मी तुम्हाला तेव्हा लिहिले होते. त्या दिवसांत शोशानाला डोंगरात एक कातळ सापडला. त्यावर चाकाच्या असाव्यात अशा दोन लांब खाचा आहेत आणि शेजारी खुराची खूण. आपल्या अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनबी रथातून स्वर्गात गेले तिथे जशी चाकांची आणि घोड्याच्या टापेची खूण आहे, अगदी तशीच ही, असे तिने ठरवले आणि तिथेच मलिद्याचा नवस बोलली. एरन धडधाकट परत आला. तेव्हापासून दरवर्षी आपल्या बायका मिनीबस करून मलिद्याची ताटे घेऊन तिथे जातात. पोहे तुमच्याकडचे, खोबरे बेर्शेबाचे, आणि चिकूच्या जागी खजूर. मला बायको नेते म्हणून जावे लागते. (मी मागे उभा राहतो.)

आता दादा, मी रेल्वेचा माणूस. त्या खाचा रूळ बसवायला छिन्नीने कोरलेल्या आहेत, हे मला आता दिसते आहे. खूर तर कातळात नाहीच, सिमेंटात आहे. ओल्या सिमेंटवर खेचराने पाय दिला असणार. माझ्या इतिहासातली एकुलती एक पक्की गोष्ट ही, आणि तीच मी बोलायची नाही. बोललो तर माझी बायको इतकी वर्षे ट्रॉलीला नवस फेडत आली, असे सगळ्या गावासमोर होईल. आणि वेळही वाईट. एरनला राखीव सैनिक म्हणून पुन्हा उत्तरेच्या सीमेवर बोलावणे आले आहे, परवा जायचे आहे. अशा वेळी घरच्या बाईचा नवस मोडू नये. मला काहीच सुचत नाही.

वडीलधाऱ्यांना सलाम, मुलांना आशीर्वाद. पोह्यांचे पार्सल पोचले, थोडे कुबट आहेत पण चालतील.

तुमचा,
नेहेमिया

ता. क. गुडघा बरा असेल तर एकदा खंडाळ्याला जावे आणि कातळावरच्या दोन चाकांच्या खुणांमधले अंतर शिंप्याच्या टेपाने मोजून कळवावे. वेगळे निघाले तर मी शोशानाला हळूहळू समजावीन. आमच्याइतकेच निघाले तर काय करावे ते मला ठाऊक नाही, मेयरसाहेबांना तर नाहीच नाही. हे सगळे तिच्या समाधानासाठी आहे, मला स्वतःला त्यात रस नाही.

ता. क. शब्बाथच्या दिवशी मोजू नये. दोनदा मोजावे.

ता. क. भाऊजी, मी शोशाना. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिले म्हणून चार ओळी घालते. ती रेल्वे होती हे मला माहीत आहे. मी तुमच्या भावाच्या आधी वर्षभर इथे आले आणि त्या डोंगरात झाडे लावायच्या कामावर जात होते. पांढऱ्या मातीची ट्रॉली खेचर ओढायचे, मी रोज बघायची. यांनी सगळ्या मुलखाला विचारले, मला कुठे विचारले? लढाईत एरनची खबर येईना तेव्हा यांनी जेवण टाकले, सिनेगॉगला जाणे टाकले, देवाशी बोलायचे नाही म्हणाले. तेव्हा मीच यांना हाताला धरून तिथे नेले आणि ही हनबीची खूण असे सांगितले. दुपारभर तिथे बसून होते. घरी आल्यावर भात मागितला. नवस यांनीच केला, गावात मात्र माझा म्हणून सांगतात. माप काहीही येऊ दे, जुळले म्हणून लिहा, आणि लवकर लिहा. एरनच्या बोलावण्याचा कागद आल्यापासून यांच्या पुढ्यात ताट ठेवते, तसेच परत उचलते.