स्टेजवरचा रोवणा

भंडारा
६ जुलै २००४

ती. आईस,
प्रतिक्षाचा सा. जयभीम वि. वि.

मी खुशाल आहे. बाबांचा खोकला कसा आहे ते कळव. पत्राला कारण भावनाआत्या. तिच्या मंडळाचे 'नारी विचार व कर्तृत्व संमेलन' अठरा तारखेला आहे. ती सचिव आहे आणि तिने तुझे नाव घातले आहे. चार बाया आणि धानाच्या पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन ये. स्टेजवर चिखलात रोपे लावून रोवणा दाखवायचा, मग पाच मिनिटे तू बोलायचे. तुमच्या टोळीचा नियम सांग, की रोवण्याच्या दिवसांत शाळेतली पोरगी बांधीच्या चिखलात उतरवायची नाही, तिच्या वाट्याची पात बाकीच्या बायांनी उरकायची. दुसऱ्या गावच्या बायांनी ऐकले तर तिथल्या पोरीही जुलैत शाळेत बसतील.

एक विनंती, तोंड आवर. माझे बी. ए. चे शेवटचे वर्ष आहे आणि मी आत्याच्या घरी राहते.

तुझी,
प्रतिक्षा

आसगाव
२० जुलै २००४

चि. प्रतिक्षास,
आईचा जयभीम व अ. आ.

तू दारात नाश्त्याची पाकिटे वाटत होतीस, म्हणून आतली शोभा तुला दिसली नाही. दहाचा कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला. पाहुण्या नऊ. प्रत्येकीला शाल, आणि शाल देणारीलाही शाल. उकाड्यात घामाने निथळत होत्या, पण एकीने ती उतरवली असेल तर शपथ. एक बाई स्वतःच्या कर्तृत्वावर चाळीस मिनिटे बोलल्या. त्यातून एवढेच समजले की त्यांचे यजमान मोठे साहेब आहेत. तिघींनी आम्हाला अडाणी भगिनी म्हटले. मी सातवी शिकले, आमच्या टोळीतली रुखमिणी दहावी.

मग आमची पाळी आली. पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये चिखल कालवला होता. आम्ही रोवत रोवत मागे सरकू लागलो, तशी सूत्रसंचालन करणारी धावत आली. महिला संमेलनात बाया मागे जाताना बऱ्या दिसत नाहीत म्हणे, पुढे या, फोटोवाल्याकडे तोंड करा. मी सांगितले की पुढे गेलो तर रोवलेले पायाखाली जाते. तुझी आत्या कानाशी येऊन पुटपुटली की वहिनी, आता तमाशा नको. तुझी खोली माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मी पुढे गेले. आपल्या हाताने रोवले, आपल्याच पायाने तुडवले. टाळ्या पडल्या. त्या बायांची मला किळस आली, आणि थोडी माझीही.

माझी बोलायची पाच मिनिटे त्यांच्या आभारप्रदर्शनात गेली. रुखमिणी एसटीत म्हणाली की पुढच्या साली आपण कायले जायचं, म्हशीले शाल पांघरून पाठवून देऊ.

अभ्यास कर. बाबांचा आशीर्वाद.

तुझी,
आई

भंडारा
१२ ऑगस्ट २००४

ती. आईस,
प्रतिक्षाचा सा. जयभीम वि. वि.

तोंड तू आवरलेस, माझा हात आवरला नाही. आत्याने स्मरणिकेसाठी 'संमेलनाची क्षणचित्रे' लिहायला मला बसवले. तुझे पत्र समोर ठेवून मी सगळे लिहिले, शालींसकट. वाटले, वाचेल आणि मला घराबाहेर काढेल. तिने न वाचताच खाली स्वतःचे नाव घातले आणि छापायला दिले.

आता ते वाचून नागपूरच्या बाया तिच्या परखडपणावर खूश आहेत. तिकडच्या परिषदेत तिला भाषणाला बोलावले आहे. विषय, ग्रामीण स्त्रीला बोलू का दिले जात नाही. आत्या रोज आरशासमोर सराव करते. तू शेजारच्या खुर्चीवर बसावेस अशी तिची इच्छा आहे. बोलायचे नाही, नुसते बसायचे. नाहीतर माझ्या खोलीत तिचा भाचा राहायला येणार आहे, हेही तिने जाता जाता सांगितले.

तिला काय सांगू? मला भीती वाटते.

तुझी,
प्रतिक्षा

आसगाव
१८ ऑगस्ट २००४

सौ. भावनाताईंस,
वच्छलाचा सप्रेम जयभीम वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुमच्या भावाचा खोकला कमी आहे. हे पत्र त्यांना वाचून दाखवले आहे.

मी नागपूरला येणार नाही. बसायला मला आमच्या बांधीच्या कडेचा धुरा आहे. तुम्ही जरूर जा आणि आमचा नियम खुशाल तुमच्या नावाने सांगा. फक्त पुरा सांगा. पोरीची पात आम्ही कशी वाटून घेतो तेही सांगा, म्हणजे ऐकणारीला घरी जाऊन करता येईल. एका गावची एक पोरगी जरी त्याने वर्गात बसली, तरी तो ट्रे मी विसरेन.

प्रतिक्षाची परीक्षा मार्चात आहे. तोवर ती त्याच खोलीत राहील. तिला उठवलेत तर मात्र मी नागपूरला येईन, आणि ती क्षणचित्रे कोणी लिहिली ते माईकवर सांगेन.

लोभ आहेच. तो वाढवायचा की कसे, ते तुम्ही ठरवा.

तुमची वहिनी,
वच्छला