आठशेची गाडी आणि सव्वा तासाची बहीण

एटापल्ली,
बुधवार

प्रिय रंजीता,

तुला माहीत नाही, पण गेल्या रविवारी दुपारी दोन ते सव्वातीन तू माझी बहीण होतीस. सख्खी नाही, मावसबहीण. पण आपल्या लोकांत मावसबहीण म्हणजे सख्खीच, हे मी तुला सांगायला नको. आता नाहीस. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर तू पत्र इथेच फाडशील आणि मला 'दादा' म्हणायला मोकळी होशील. पूर्ण वाच. फोनवरच सांगितलं असतं, पण माझा नंबर तू जानेवारीपासून बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे तुझ्या मैत्रिणीच्या, दिव्याच्या हाती पाठवतोय. तिला म्हटलं, फक्त पोचव, वाचू नको. ती वाचणारच. दिव्या, नमस्कार.

तर झालं असं की बाने बैलजोडी विकली. नांगरणी आता ट्रॅक्टरनेच होते, आणि मायचे गुडघे महिन्यातून एकदा गडचिरोलीच्या दवाखान्यात दाखवावे लागतात. सहाच्या बसमध्ये उभं राहून गेली की दवाखान्यात पोचेपर्यंत गुडघ्यांचा रोग दुप्पट. म्हणून बैलांचे आणि तेंदूपत्त्याचे मिळून दीड लाख जमले आणि घरात ठरलं, एक जुनी छोटी गाडी घ्यायची. बैल नेणारा माणूस दारात आला तेव्हा बाने दोघांच्या गळ्यातली दावी सोडून घेतली आणि खुंटीवर टांगली. बैल द्यावा, दावं देऊ नये, दाव्यासोबत घरची बरकत जाते. नवा मालक आपली दोरी घेऊन आला होता. बा दोन दिवस त्या खुंटीकडे पाठ करून जेवला.

गाडी निवडायचं काम माझ्याकडे आलं. साहजिक आहे. कॉलेज सुटल्यापासून मी बिरजूभाऊच्या गॅरेजमध्ये असतो, हे तुला दिव्याने सांगितलंच असेल. बिरजूभाऊचं एकच म्हणणं: "आठशे सीसीचं इंजिन घे, लई झालं तं हजारचं. त्याच्या वर गेला तं तुह्या बाले त्या पेट्रोलपंपवाल्यालेच दत्तक द्या लागन." मी चार गाड्या पाहिल्या आणि चारही नापास केल्या. पहिली चंद्रपूरची, मालक म्हणे डॉक्टर, घर ते दवाखाना एवढीच चालली. सीटखाली गिट्टीचे खडे निघाले. मी विचारलं, डॉक्टर काय खदानीत ऑपरेशन करत होते का, आणि भांडण झालं. दुसरीचा काटा तीस हजार किलोमीटर दाखवत होता आणि क्लचचं पेडल पार गुळगुळीत झालं होतं. मी त्या माणसाला एवढंच म्हणालो की काका, पायात काय कानस बांधून चालवत होते? तिथेही भांडण झालं. तिसरी डिझेलची, तिचं नावच काढायला नको.

चौथी एका मास्तरांची होती. हजारचं इंजिन, एकहाती चाललेली, ऑइल बदलल्याच्या तारखा वहीत लिहिलेल्या, किंमत बजेटात. बा खूश, माय खूश. मी बॉनेट उघडलं, दहा मिनिटं आत डोकं घालून बसलो आणि बाहेर येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "बा, इंजिनात दम नाई." रंजीता, त्या इंजिनात माझ्यापेक्षा जास्त दम होता. मी खोटं बोललो. आपल्याच घरच्यांशी, आणि तेही इंजिनाबद्दल.

कारण आदल्याच दिवशी 'गाडी घेणे-विकणे'च्या ग्रुपवर पाचव्या गाडीचा फोटो आला होता. पांढरी, आठशेची, तुमच्या जिवतीची. फोटोत गाडीच्या मागे दोरीवर एक हिरवी ओढणी वाळत होती, काठाला आरसे लावलेली. गॅदरिंगला तू ती घातली होतीस आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्या मास्तरांच्या तोंडावर उजेड पाडला होतास. मी फोटो मोठा करून करून त्या ओढणीचे आरसे मोजले. गाडीला चाकं किती हे बाने विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

जिवतीला जायला तीन बस बदलाव्या लागल्या. मी शर्टाला इस्त्री केली होती. माय बसमध्ये माझ्याकडे बघत होती आणि गडचांदूर सोडल्यावर म्हणाली, "काऊन रे, आपुन गाडी पाहाले चाल्लो का तुले गाडीले दाखवाले चाल्लो?" मी खिडकीबाहेर पाहिलं. तेव्हापासून तिने माझ्यावरची नजर काढली नाही.

तुझे बाबा अंगणातच होते. मी पायाला हात लावायला वाकलो आणि ऐनवेळी लक्षात आलं की गाडीच्या मालकाच्या पाया कोणी पडत नाही, म्हणून तसाच पुढे सरकून टायर तपासलं. बाने मात्र गाडी बैलासारखी पाहिली. दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट उचलून दात पाहिल्यासारखं आत पाहिलं, मग तुमच्या मागच्या पडीत ढेकळांतून फिरवायला लावली, चाल कशी आहे ते पाहायला. शेवटी बैलबाजारातला शेवटचा प्रश्न: "इकून काऊन राह्यले?" तुझ्या बाबांनी मागच्या काचेवरची धूळ तळहाताने पुसली. मग म्हणाले, "पोरगी शिकाले गेली गडचिरोलीले. मांगच्या सीटवर बसाले कोनी नाई आता. मोकळी सीट पाहून गाडी चालवाले मन नाई होत." बाने माझ्या कानात सांगितलं, घ्यायची. विकताना ज्याचा गळा भरत नाही त्याचं जनावर घरी आणू नये, हा त्याचा नियम, आणि इथे गळा भरला होता.

पण मला दुसरंच ऐकू येत होतं. आठशेला तीन सिलेंडर असतात. तुमच्या गाडीची दोनच काम करत होती, तिसरं पाहुण्यासारखं नुसतं बसून होतं. फट-फट-गप. फट-फट-गप. मी दात दाबून गप्प. तुझ्या बाबांच्या गाडीला नावं मी कोणत्या तोंडाने ठेवणार?

मग चहा आला आणि आपल्या लोकांचं जे होतं तेच झालं. नातं लावल्याशिवाय सौदा होत नाही. बाने विचारलं, "बाई कोन्या गावची?" तुझी आई म्हणाली, आलापल्लीच्या अंगाची. बाने गुडघ्यावर थाप मारली. "घ्या! माझीबी तिकडलीच! म्हंजे ह्या दोघी बहिनी, अन् आपुन साडभाऊ! आता साडभावाले दहा हजार तं कमी करानच लागन, धनराजभाऊ!" तुझे बाबा तर हरखलेच. म्हणाले, मले ना भाऊ ना साडभाऊ, एकटाच होतो, करा दहा हजार कमी! दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. बाच्या डोळ्यांत मला दहा हजार दिसत होते. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी सहन केलं असतं. (नसतं केलं.) पण तुझे बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्या पोरीले भाऊ नाई. दरसाल राखीले तोंड पाडून बसते. यंदा तू येजो बाबू. थांब, आत्ताच सांगतो तिले, खुश होऊन जाईन." आणि त्यांनी तुला फोन लावला. स्पीकरवर. रिंग वाजत राहिली आणि मी बडादेवाला म्हटलं, आजवर काही मागितलं नाही, आज एवढंच, तिने उचलू नये. तू उचलला नाहीस. पाच महिने तुझ्या फोन न उचलण्यावर मी रडलोय. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, किती गुणी पोरगी आहे.

तुझे बाबा म्हणाले, मेसेज टाकतो. तेव्हा माझं डोकं गेलं. तुला ते डोकं माहीत आहे. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "कायचे साडभाऊ! साडभाऊ असता तं दोन सिलेंडरवर चालनारी गाडी गळ्यात मारली असती का?" तुझ्या बाबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "गाडीले काई झालं नाई. जबान तपास आपली." बा मला मारायला चप्पल शोधत होता आणि चप्पल फाटकापाशी काढलेली होती म्हणून मी वाचलो.

तेव्हा माय उठली. गुडघे धरून, सावकाश. पहिल्यांदा माझ्या शर्टाच्या इस्त्रीकडे पाहिलं, मग दोरीवर, जिथे ती ओढणी अजून होती, आणि मग तुझ्या बाबांना विचारलं, "भाऊ, तुमची माय कोन्या गावची?" ते रागातच म्हणाले, अहेरीकडची. "अन् माझी मायबी अहेरीकडचीच," माय म्हणाली. "म्हंजे आपल्या माया बहिनी. म्हंजे तुमी माझे भाऊ." बा म्हणाला, अवो पन आत्ताच तं आमी साडभाऊ झालो! माय त्याच्याकडे वळली. "ते बायकोकडून लावलेलं नातं. हे मायकडून. माय मोठी का बायको मोठी, सांगा दोघंबी." रंजीता, अंगणात दोन बायका उभ्या होत्या आणि उत्तर द्यायची दोन्ही पुरुषांची छाती झाली नाही. शेवटी तुझे बाबा पुटपुटले, माय मोठी. संपलं. सव्वातीन वाजले होते. ते माझे मामा झाले आणि तू मामाची मुलगी. आपल्यात मामाच्या मुलीचं काय असतं ते मी लिहीत नाही, दिव्या वाचते आहे.

"अन् बहीन भावासोबत घासाघीस नाई करत," माय पुढे म्हणाली. "पूर्न पैशे घ्या, दादा." दहा हजार गेले. बाचं तोंड असं पडलं, तसं बैल विकले तेव्हाही पडलं नव्हतं. अजून तो मला जेवताना मध्येच विचारतो, "दहा हजाराचा काय तो फायदा झाला, सांगशीन का नाई?"

मग मी काय करणार, बाह्या वर केल्या आणि बॉनेट उघडलं. एका प्लगवर काजळी बसली होती आणि त्याच्या वायरची टोपी सैल होती. काढला, घासला, टोपी घट्ट दाबली. पंधरा मिनिटांत तिन्ही सिलेंडर बोलायला लागली. तुझे बाबा शेजारी येऊन ऐकत उभे राहिले. दोन वर्षांत गाडीचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. म्हणाले, "कुठी शिकला?" मी म्हणालो, बिरजूभाऊकडे. "अन् कॉलेज?" मी पाना पुसायला लागलो. तेव्हा ते हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "आमच्या रंजीताच्या वर्गात एक पोरगा होता म्हने. हिचा फॉर्म तीनदा वापस आला म्हनून त्यानं हापिसाच्या खिडकीचा काच फोडला, अन् कॉलेज सोडून पयाला. पोरगी सुट्टीत घरी आली तं आठ दिवस त्याच्यावर चिडून बोलत होती. जेवतानी, झोपतानी, त्याच्यावरच. नाव बी आदेशच होतं वाट्टे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. केव्हापासून? मी शर्टाची बाही वर केली तेव्हापासून, की काचेचा व्रण दिसला तेव्हापासून, की फाटकात आलो तेव्हापासून? मग ते राखीचं? तो फोन? तीन दिवस मी गाडीखाली झोपून हाच विचार करतो आहे. आणि दुसरा विचार म्हणजे, आठ दिवस? पूर्ण आठ दिवस चिडत होतीस?

त्या रात्री मामांकडेच मुक्काम झाला आणि सकाळी निघताना त्यांनी किल्ली दिली. पण देण्याआधी तिचा छल्ला काढून घेतला. लाल-पिवळ्या मण्यांचा, तू ओवलेला असणार, 'र' असलेला. तो खिशात टाकला आणि बाच्याकडे पाहून म्हणाले, "बैल द्यावा, दावं देऊ नये. बरोबर ना, वारलूभाऊ?" बा म्हणाला, अगदी बरोबर. मग माझ्याकडे वळले. "छल्ला माझ्यापाशी राहीन. पहिले शिकन पूर्न कर. मंग ये, मागून पाहजो." माय मागच्या सीटवर पाय पसरून बसली, पहिल्यांदा आरामात, आणि एटापल्लीपर्यंत एकदाही गुडघ्याचं नाव काढलं नाही. ती मास्तरांची गाडी जास्त चांगली होती हे मी तिला वाटेत खरं सांगितलं. ती म्हणाली, मले तवाच माहीत होतं.

आता खरं का लिहिलं ते. जानेवारीत तू खिडकीसमोर, काचांत उभी राहून म्हणाली होतीस, "तू माझ्यासाठी नाही फोडलीस, तुझ्या रागासाठी फोडलीस." मी तेव्हा पाय आपटत निघून गेलो. दुसऱ्या दिवशी तू एकटी गेलीस, शांतपणे बोललीस आणि फॉर्म पास करून आलीस, हेही मला दिव्यानेच सांगितलं. तू बरोबर होतीस. हे एक वाक्य लिहायला मला पाच महिने आणि ही एवढी पानं लागली. तर वीस तारीख प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची आहे आणि मी येतो आहे, पुन्हा दुसऱ्या वर्षाला. काच भरून देणार, आणि त्याच खिडकीत, त्याच साहेबांची माफी मागणार. पण माझा आवाज चढतो, तुला माहीत आहे, मला तो चढल्यावर कळतो. सकाळी अकरा वाजता तू शेजारी उभी राहशील का? काही बोलू नको. नंबरही चालू करू नको. फक्त माझा आवाज चढायला लागला की माझ्या पायावर पाय दे, जोरात. आणि नाही आलीस तरी फॉर्म मी भरणारच आहे, आपलाच पाय आपल्या पायावर देऊन. पांढरी गाडी फाटकाजवळ उभी असेल. तिची मागची सीट तुझ्या ओळखीची आहे. किल्ली सध्या सुतळीला बांधली आहे.

तुझाच, आणि कुठल्याही गावाकडून नातं लावलं तरी भाऊ न लागणारा,
आदेश