क्लॅरिनेटच्या पेटीतल्या गोळ्या

अकोला,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय मंजू,

तू पाठवलेली शेंदूरजनाघाटची संत्री पोचली. सालं गच्चीवर वाळत घातलीत, घरभर वास आहे. कॉन्व्हेंटात मधल्या सुट्टीनंतर सिस्टर आपल्याला ओठ वर करून दात दाखवायला लावायच्या, आठवतं? मी हसायचे आणि तू शेजारणीचे दात मोजायचीस. डेंटिस्ट तूच होणार होतीस.

फोन केला नाही, कारण आमचा नवरोबा नबी शेजारीच असतो. हसनैन, माझा पुतण्या, उद्या ढोलाचं कातडं आणायला अमरावतीला येतोय. त्याच्या हाती हे पत्र देते.

मागे तू नबीला नीट समजावलं होतंस. गोळ्यांनी सूज उतरते, पण हिरडीखालचं किटण तिथंच राहतं. ते औजारानं खरवडून काढावंच लागतं. गोळ्या लागल्याच तर त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाहीत. तुझ्यासमोर त्यानं मान डोलावली. घरी येऊन म्हणाला, "तुही मैत्रीण काय समजून राहिली? त्या किटणानंच तर दात धरून ठेवले हायेत. खरवडलं का हातात येतीन."

मग लग्नसराईत हिरड्या सुजल्या की मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणायची आणि ठणका थांबला की बंद करायची. काल त्याच्या क्लॅरिनेटची पेटी पुसायला घेतली. तोंडात धरायच्या रीडच्या डबीखाली अशा किती अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या निघाल्या. पुढच्या वरातीसाठी राखलेल्या.

तेल्हाऱ्याचं सांगायचं टाळत होते. रविवारी तिथं वरात होती. मांडवापाशी, ऐन भरात, क्लॅरिनेट थांबलं. हसनैननं ट्रम्पेट उचलून वेळ मारून नेली. त्यानंच मला सांगितलं, काका गाडीआड उभे होते आणि रीड रक्तानं लाल झालं होतं. माऊथपीस ज्या वरच्या दातांना टेकते, त्यातला एक हलतोय. घरी आल्यावर नबी पट्टी शोधेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "चाल मंजूबाईकडं. खरवडू दे तिले."

वर्षभर मी हेच त्याच्या मागे लागून सांगत होते. आता तो तयार झाला, तर मीच कचरतेय. तो दात वाचेल की नाही हे साफ केल्याशिवाय सांगता येणार नाही, असं तू म्हणाली होतीस. नाही वाचला तर तो माऊथपीस कुठं टेकवेल, मंजू?

तुझ्या लग्नात तो वाजवत होता आणि मी तुझ्यामागे उभी होते. अब्बांना बँडवाला जावई नको होता. त्या सुरापुढे मला त्यांचं काही ऐकू आलं नाही. अजूनही तो सकाळी वाजवायला बसला की मी मिक्सर लावत नाही.

गुरुवारी आम्ही दोघं येतो. त्या पट्ट्या आणते, तू टाकून दे. क्लॅरिनेटही आणते. खुर्चीत बसवण्याआधी त्याला एकदा वाजवायला सांग. सबीहाला ऐकायचंय असं सांगू नकोस, तुलाच ऐकायचंय असं सांग. तुला तो नाही म्हणणार नाही.

दाराबाहेरच्या बाकावर कान देऊन बसणारी,
तुझी सबीहा