उडवलेली टपालपेटी

चिंचवड, २ एप्रिल १९५३

ती. स्वरूप इकडच्या चरणी विमलचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तिकडची खुशाली मला सासूबाईंच्या पत्रांतून कळते. मार्चात त्यांना तुमची दोन पत्रं आली. त्यांना वाचता येत नाही, म्हणून दोन्ही मीच मोठ्याने वाचली. घरमालकिणीच्या मुलीने, जेसीने, तुम्हाला स्वेटर विणून दिला, हेही मीच वाचलं. मला मात्र जानेवारीपासून एक ओळ नाही. एडिंबरोला कायदा शिकणाऱ्याला बायकोस पत्र लिहायची बंदी असते का, ते कळवावं.

मॅट्रिकच्या अर्जाचं मागेच विचारलं होतं. शिकवायला येणारे उद्धवराव मास्तर म्हणतात, तयारी होईल. पण तुमचं होय आल्याशिवाय सासूबाई अर्ज भरू देत नाहीत. मुदत महिनाअखेरची आहे.

लोभ सगळा तिकडेच खर्च झाला नसेल, तर थोडा इकडे असावा.

आपली,
विमल

एडिंबरो, ११ एप्रिल १९५३

चि. सौ. विमल हीस अ. उ. आ.

तुला फेब्रुवारीत पत्र टाकलं होतं. पण इथे काय झालं ते ऐक. नव्या राणीला सरकार दुसरी एलिझाबेथ म्हणतं. स्कॉटिश लोक म्हणतात, पहिली इंग्लंडची, आमच्यावर तिचं राज्य कधीच नव्हतं. मग ही आमची दुसरी कशी? आमच्या वस्तीतल्या नव्या टपालपेटीवर ‘दुसरी’ची खूण होती. लोकांनी आधी तिला डांबर फासलं आणि बारा फेब्रुवारीला सुरुंगाने उडवली. तुझं पत्र तीतच होतं. आता काही जण कोर्टात जायचं म्हणतात. आमच्या वर्गात दुसरा विषय नाही.

जेसी सगळ्याच भाडेकरूंना स्वेटर विणते. मास्तर आठवड्यातून किती दिवस येतात? आणि बसतात कुठे?

लोभ आहे, हे वेगळं लिहायला नको.

ज्योतीराम

चिंचवड, १९ एप्रिल १९५३

ती. स्वरूप इकडच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

पेटी फेब्रुवारीत उडाली. सासूबाईंची पत्रं मार्चातली, ती सुखरूप आली. मग माझी मार्चातली कुणी उडवली? राणीच्या नावावर खपवू नये.

मास्तर तीन दिवस येतात. पडवीत बसतात, शेजारी सासूबाई तांदूळ निवडत असतात. एवढंच विचारायचं होतं, तर जानेवारीत विचारायचं.

अर्जाबद्दल तुम्ही अक्षर लिहिलं नाहीत. सासूबाई ऐकायला बसल्या होत्या. वाचता वाचता मी मध्येच वाचलं, की अर्ज भरावा, माझी ना नाही. त्या म्हणाल्या, मग भर बाई. परवा भरला. रागवायचं तर माझ्यावर रागवा, त्यांना कळवू नका.

लोभ असेल तर खरं लिहावं.

विमल

एडिंबरो, २८ एप्रिल १९५३

चि. सौ. विमल हीस अ. उ. आ.

पेटीत पत्र नव्हतं. तुझ्या जानेवारीच्या पत्रात उद्धवरावांचं नाव पाच वेळा होतं आणि माझ्या तब्येतीची चौकशी एकदा. त्यांनी तुला शब्दकोश दिला, तुझं अक्षर वळणदार केलं. ते वळण मला दिसत होतं, आणि ते त्यांच्यामुळे आलं हे सोसवेना. शिकवणी बंद कर, असं लिहायला तीनदा बसलो. तेवढं लिहवलं नाही, आणि दुसरं काही सुचलं नाही. नंतर पेटीचं निमित्त मिळालं.

आईला काही कळवणार नाही. तू वाचलेलं होय माझंच समज. ते मी लिहायला हवं होतं. उद्धवरावांना नमस्कार सांग. अजून मनापासून निघत नाही, तरी सांग.

लोभ या खेपेस मीच मागतो.

तुझा,
ज्योतीराम