सगळं वजा जाता

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुजितमामा,

तुला आणि मामीला नमस्कार, छोट्या सनीला पापा. आम्ही सगळे इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

शाळेत 'मामास पत्र लिहा' असा प्रश्न यायचा. मी दर वेळी तुला मे महिन्याच्या सुट्टीत आंबे खायला बोलवायचे आणि पाचपैकी चार मार्क मिळवायचे. खरंखुरं पत्र हे पहिलंच. तू दुसरा इलाजच ठेवला नाहीस. फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. अंबरनाथ म्हणजे काय अमेरिका आहे का रे? म्हणून हे पत्र तुझ्या कंपनीतल्या संतोषदादांच्या हाती देतेय. तू वाचून होईपर्यंत ते समोरून हलणार नाहीत, तसं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

घरच्या बातम्या अशा. पप्पांच्या टेम्पोची क्लचप्लेट गेली होती, दिवाळीच्या सीझनमध्येच जायची होती तिला. चकल्या यंदा बिघडल्या. पहिला घाणा दगडासारखा झाला आणि दुसरा तेलात विरघळला. त्यातल्या त्यात बऱ्या निघालेल्या आईने तुझ्यासाठी एका डब्यात भरून फळीवर ठेवल्यात. मी एक उचलली तर हातावर फटका बसला. "त्याच्या आहेत त्या," म्हणाली.

कॉलेजचं शेवटी लिहिते.

मामा, तुझा राग आला होता मला. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना बरं वाटेल. दसऱ्यानंतरचा आठवडाभर मला तुझं नाव ऐकायला नको वाटायचं. आपल्या घरात सुजितचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वृषालीताईच्या लग्नात किती माणूस जेवेल हे तू सांगितलंस आणि शेवटच्या पंगतीनंतर पातेल्यात डावभर वरण उरलं होतं. आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते डावभर वरण सांगते. मग माझ्या कॉलेजचा हिशेब दुसऱ्या कोणाला करायला सांगणार होतो आपण?

तू तरी काय सोडलंस रे हिशेबात! सरकारच्या ॲडमिशन राउंडमधून मला कराडला इंजिनियरिंगची सीट लागली होती. फी माफ, पण होस्टेल धरलंस, मेस धरलीस, सणाला यायचं-जायचं भाडं धरलंस, गादीसुद्धा धरलीस. मग बदलापूरजवळचं कॉलेज घेतलंस. तिथेही फी माफ धरलीस, बसचा पास, ॲप्रन, जर्नलं, परीक्षा फी. सगळं वजा जाता घरातून जाऊन-येऊन शिकणं किती स्वस्त पडतं ते तू पप्पांना समजावत होतास आणि पप्पा मान डोलावत होते. त्यांना तर मी डोळ्यांसमोर राहणार यातच आनंद होता. इथल्या कॉलेजच्या ऑफिसातला माणूस आपल्याला म्हणालाही होता ना, "मुलींना माफच आहे हो, बिनधास्त घ्या." मग आपण कराडची सीट सोडली आणि राउंड संपल्यावर इथे उरलेल्या जागेवर थेट ॲडमिशन घेतली. हातचं सोडून पळत्यापाठी लागलो. पण तेव्हा ते पळतं वाटलंच नव्हतं, अगदी दारात उभं वाटत होतं.

माफी फक्त सरकारी राउंडमधून येणाऱ्यांना असते, थेट आलेल्यांना नाही, एवढी एकच गोष्ट आपण विचारली नाही. मी बारावी शिकलेली, तू बी.कॉम. दोघं त्या खिडकीपाशी अर्धा तास उभे होतो आणि बसचा पास महिन्याचा घ्यावा की तीन महिन्यांचा यावर बोलत होतो.

आणखी एक सांगू? मला कराडलाच जायचं होतं. तिथल्या होस्टेलचा फोटो मी मोबाईलमध्ये काढून ठेवला होता. खिडकीबाहेर एक मोठं झाड होतं. पण तुझा आकडा बघितल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली, की पप्पा टेम्पो चालवतात आणि मला झाड पाहिजे. म्हणून बोलले नाही. त्यामुळे ती चूक तुझ्या एकट्याची नाही. त्यात माझ्या गप्प बसण्याचाही वाटा आहे.

दसऱ्यानंतर वर्षाचे एक लाख तीस हजार एकदम भरा म्हणून कॉलेजने बोलावलं, तेव्हा तू साहेबांशी आधी भांडलास आणि मग हात जोडलेस. मी तुला कोणापुढे हात जोडताना कधी बघितलं नव्हतं. परत येताना गाडीवरून आणून मला खाली सोडलंस आणि चहालाही वर आला नाहीस. आईने खिडकीतून हाक मारली, तीसुद्धा तुला ऐकू आली नाही की तू ऐकली नाहीस, देव जाणे.

पप्पा कॅम्प चारच्या कापडबाजारातल्या सेठकडे पैसे मागायला गेले होते. इतकी वर्षं त्यांचे कापडाचे तागे वाहतात, म्हणून आशा होती. सेठ वाईट माणूस नाही. त्याने पप्पांना बसवलं, थंडा मागवला आणि म्हणाला, "राजू, दस-पंद्रह का बोल, अभी देता हूं. लाख का मत बोल यार, सीझन में माल अटका पडा है." पप्पा थंडा पिऊन घरी आले. बँकेत गेलो तर ते म्हणाले, राउंडमधून झालेली ॲडमिशन असती तर बघितलं असतं. म्हणजे तिथेही तेच. आईच्या भिशीचा नंबर अजून लागलेला नाही, आणि लागला असता तरी त्यातून एका वर्षाचा कोपराही भरला नसता. एक वर्ष कसंबसं ओढलं तरी पुढची तीन आहेतच.

धनत्रयोदशीला संतोषदादा तुझं पाकीट देऊन गेले. "सुजितने ताईला ओवाळणी पाठवलीय," एवढंच म्हणाले. मी जिन्यात गाठून विचारल्यावर कळलं, तू गाडी विकलीस. मामा, रात्रपाळीला काय चालत जातोस का आता? आईला गाडीचं माहीत नाही. तिने पाकीट उघडलंच नाही. "ओवाळणी आधी येते कधी? माणूस येतो, मग ओवाळणी," असं म्हणून देवापुढे ठेवून दिलं.

भाऊबीजेला तिने सकाळीच पाट मांडला. रांगोळी काढली, तुझी ती लाल टोपी ट्रंकेतून काढून ठेवली. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी मी म्हटलं, "आई, येईल गं उशिरा." तर ती तबक घेऊन गच्चीवर निघाली. मी मागोमाग गेले. पश्चिमेला आता सगळे टॉवर झालेत, त्यांच्या फटीत बीजेची कोर दिसत होती. आईने चंद्राला ओवाळलं.

ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात ना रे? खालच्या मजल्यावरच्या भागीरथीकाकू वाळत घातलेले कपडे काढायला आल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि कपडे तसेच ठेवून गुपचूप खाली गेल्या. आईने तबकात तुझं पाकीट ठेवलं होतं. ओवाळून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "माझ्या भावाला सुखी ठेव. आणि त्याने धरलंय तसं पोरीचं शिक्षण पार पडू दे."

मी तिच्या शेजारीच उभी होते. तिच्याकडे बघवेना, म्हणून टॉवरकडे बघत राहिले.

कारण मी कॉलेज सोडलंय, मामा.

दिवाळीच्या आधीच सोडलं. पप्पांना माहीत आहे, आईला नाही. सकाळी ती डबा भरून देते, मी कॉलेजची बॅग लावते, आणि पप्पांच्या टेम्पोत बसून कॅम्प चारला जाते. सेठच्या दुकानात बिलं बनवते. आई समजते की पप्पा मला वाटेत कॉलेजला सोडतात. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा जादा प्रॅक्टिकल सांगितलं. ॲप्रन आठवड्यातून एकदा ती धुते, म्हणून मी तो दुकानात जमिनीवर घासून मळवते. एकदा सिग्नलला पप्पा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." मीही "हो" म्हटलं. दोघांनाही माहीत आहे की माझी दहावी-बारावीची ओरिजिनल कॉलेजने ठेवून घेतलीत आणि वर्षाची पूर्ण फी भरल्याशिवाय ती मिळणार नाहीत. ओरिजिनल नसतील तर पुढच्या वर्षी कोण दारात उभं करणार? तू यातून वाट काढशील म्हणून हे लिहीत नाही. वाट नाही, मी सगळीकडे विचारून आले. यावेळी सगळं विचारलं.

तुझं पाकीट परत करणार आहे, त्यातून गाडी सोडवता आली तर बघ. आणि आणखी काही विकू नकोस. मामीच्या बांगड्यांकडे बघूही नकोस, तुला माझी शपथ आहे.

मला तुझ्याकडून पैसे नकोत. तू घरी ये. आईच्या लेकीचं कॉलेज तर गेलंच आहे, निदान भाऊ तरी जाऊ नये. तिला कसं सांगायचं ते मला एकटीला सुचत नाही, आणि पप्पा तिच्यासमोर बसले की नुसते रडतील. तू आलास की आपण दोघं मिळून बघू. तोवर एक कर. दारातून आत येताना नेहमीसारखी मोठ्याने "काय इंजिनियरबाई!" अशी हाक मार. मला कसं वाटेल याचा विचार करू नकोस. आई ओट्यापाशी असेल, तिला ऐकू गेलं पाहिजे.

वाट बघते.

तुझीच,
तेजल